टीव्हीवाल्यांचं एकमत

भाईंदरच्या टीव्ही दुकानदारांची संघटना आमच्या ह्यांनी काढली, हे आता कुणाला सांगितलं तरी खरं वाटत नाही. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आम्ही लालबागहून इकडे राहायला आलो, स्टेशनजवळ टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि वर्षभरात ह्यांच्या डोक्यात संघटनेचं खूळ शिरलं. घरात दोन माणसांचं एकमत होत नव्हतं, आणि हे निघाले होते दुकानदारांची मोट बांधायला.

खूळ म्हणते खरी, पण तेव्हा त्याची गरज होती. कंपन्या दुकानदारांना नाचवायच्या. खपणारा टीव्ही हवा असेल तर न खपणारे मिक्सर गळ्यात मारायच्या, आणि एकट्याने कुणी तोंड उघडलं की त्याचा माल बंद. म्हणून ह्यांनी नियमच घातला. संघटनेचा प्रत्येक निर्णय एकमताने. काय भांडायचं ते आमच्या दुकानात, शटर अर्धं ओढून, चहा थंड होईपर्यंत भांडा; पण शेवटी सगळ्यांचे हात वर. आणि एकदा हात वर केला की बाहेर जाऊन वेगळं वागायचं नाही. कंपनीचा माणूस मिक्सरची खोकी मुकाट परत घेऊन गेला, तेव्हा मीसुद्धा मनातून फुगले होते.

मग नव्वदीत एका टीव्ही कंपनीची एक्स्चेंजची योजना आली. जुना टीव्ही द्या, नवा रंगीत घ्या. मोठ्या दुकानांच्या माळ्यांवर ब्लॅक अँड व्हाइट संचांचे ढीग लागले. रंगीत माल भरण्याइतकं भांडवल आमच्याकडे नव्हतं. हे त्या ढिगांतले संच उचलून आणायचे, दुरुस्त करायचे, आणि आम्ही ते उत्तन, डोंगरी, चौक या किनाऱ्याकडच्या गावांतल्या लोकांना स्वस्तात विकायचो. आमचं घर त्यावरच चालायचं. चौकच्या एक मावशी मासळी विकून परतताना रोज दुकानात डोकवायच्या. "ताई, माजा टीवी झाला का? आता न्हाय म्हनू नको," म्हणायच्या.

कंपनीला हे खुपलं. जुने संच बाजारात परत येतात म्हणून छोटे रंगीत टीव्ही खपत नाहीत, असं तिचं म्हणणं. जमा झालेले सगळे संच फोडा, नाहीतर या भागातली योजनाच बंद. संघटनेची बैठक नेहमीसारखी आमच्या दुकानात ठरली. सकाळीच मी ह्यांना बजावलं, "आज हात वर करायचा नाही. दुकान जाईल."

"बघतो," म्हणाले.

भांडले मात्र पुष्कळ. "माझं गिऱ्हाईक रंगीत घेणारच नाही, मग तुमचं नुकसान काय?" हे पुन्हा पुन्हा विचारत राहिले. शेवटी अध्यक्ष, मीरा रोडचे मोठे शोरूमवाले, अगदी मायेने म्हणाले, "भाई, रूल तो आपने ही बनाया. आज आप तोडोगे, तो कल कंपनी हमको एक-एक करके मारेगी." सगळे हात वर गेले. ह्यांनी माझ्याकडे पाहायचं टाळलं आणि हात वर केला. मी चहाचे कप उचलून आत गेले. तिथे थांबले असते तर तोंडातून काय गेलं असतं कुणास ठाऊक.

घरी आल्यावर म्हटलं, "एक हात खाली राहिला असता तर काय आभाळ कोसळलं असतं?"

"संघटना राहिली नसती."

"आणि आता आपण राहणार आहोत?"

ते जेवायला बसले.

संच फोडायचे ठरले चेणे गावाजवळच्या एका मोकळ्या जागेत. मी हट्टाने टेंपोत बसून बरोबर गेले. मावशींचा तयार झालेला संच तरी मागे ठेवा, म्हणून निघताना विनवलं होतं, पण हे ऐकतात कसले. तिथे पोचून पाहतो तर इतरांच्या टेंपोंत नुसते भंगारातले सांगाडे. आत ना पिक्चर ट्यूब, ना काही. चांगले संच खाडीपलीकडे वसईला कधीच विकले गेले होते. एकाने तर आम्हाला तसं हसत हसत सांगितलं. अध्यक्षांची गाडी आलीच नव्हती.

"चला परत," मी म्हटलं. "सगळ्यांनी नियम मोडला. तुम्हीच का बळी जाताय?"

"त्यांनी मोडला. मी नाही मोडलेला."

इतका राग मला कुणाचा कधी आला नव्हता, आणि इतकी कीवही.

कंपनीच्या साहेबाने आमच्या भरलेल्या टेंपोकडे पाहून विचारलं, "इसमें चालू तो कोई नहीं है ना?"

"सब चालू हैं," हे म्हणाले, आणि पहिला संच स्वतः खाली उतरवला.

मावशी दुसऱ्या दिवशी आल्या. दुकानात विकायला काही उरलं नव्हतं. तुमचा टीव्ही फुटला, एवढंच मी सांगितलं.

"कुनी फोडला?" त्यांनी विचारलं.

मी ह्यांच्याकडे बोट दाखवलं. हे मान खाली घालून उभे राहिले, आणि मला त्यांच्या बाजूने एक शब्दही बोलावासा वाटला नाही. त्याच महिन्यात आम्ही दुकान बंद केलं.