विमानातलं डोहाळजेवण

कालिंदीताईंना पहिला संशय आला तो आंबा बर्फीवरून. विनीत म्हणजे त्यांच्या यशोधनचा शाळेपासूनचा मित्र. प्रभादेवीच्या त्यांच्या घरी कितीदा तरी जेवून गेलेला, पण कायम हात हलवत येणारा. आणि आता लागोपाठ दुसऱ्यांदा मिठाई?

विनीतच्या वडिलांचा धंदा मोठा. हौस म्हणून त्यानं चार आसनांचं छोटं विमान घेतलं होतं. यशोधनकडे विमान चालवायचं लायसन्स होतं, नोकरी तेवढी नव्हती.

"रविवारी माझ्या पाहुण्यांना फिरवून आण रे," विनीत म्हणाला. "तुझेही उड्डाणाचे तास वाढतील."

"तुलाही येतं ना चालवता? मग तू का नाही नेत?" ताईंनी चहाचा कप पुढे सरकवला.

"काकू, यशोधनचा हात माझ्यापेक्षा साफ आहे."

"आणि काही झालं तर?"

"विमा आहे की! लायसन्सवाल्या मित्रानं चालवलं तरी चालतं."

"आई, पुरे गं," यशोधन ओशाळला. "मित्राला असं कोणी विचारतं का?"

ताई कप उचलून आत गेल्या. पण त्यांचे यजमान हेमचंद्र विमा कचेरीत होते. जन्मभर जेवताना हेच ऐकवायचे, की खासगी म्हणून विमा उतरवलेली गाडी भाड्यानं लावली, की विमा असून नसल्यासारखा. विमान झालं म्हणून काय, गाडीच ती.

दोन दिवसांनी त्या दादरला फुलं घ्यायला गेल्या. त्यांची नेहमीची फुलवाली, शेवंती, कळ्या निवडत होती.

"ताई, तुमच्या यशोधनचा तो विमानवाला दोस्त आला होता. रविवारसाठी मोगऱ्याच्या वाड्या सांगून गेला. मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा, सगळं."

"वाड्या? कोणाचं डोहाळजेवण?"

"एकीचं नाही, तिघींचं! नावेतलं, झोपाळ्यावरचं जुनं झालं म्हणे. आता विमानात बसून फोटो. माहीमच्या एक बाई सुनेसाठी फुलं बघायला आल्या होत्या, त्या सांगत होत्या. फुलांसकट किती घेतो, ऐकाल तर चक्कर येईल."

ताईंना चक्कर आली नाही. बर्फीचा मात्र उलगडा झाला.

घरी सांगितलं तर यशोधन भडकला. "तू कायम त्याच्यावर संशय घेतेस!" पण संध्याकाळी विनीत वेळ ठरवायला आला तेव्हा यशोधननंच विषय काढला.

"पाहुणे कुठले रे?"

"मावशीकडचे."

"मावशीकडच्या सगळ्या एकदमच गरोदर?" ताई आतून म्हणाल्या.

विनीतचा बर्फीकडे गेलेला हात थांबला. "खर्चाला हातभार लावतात, यार. पेट्रोलपुरता."

"म्हणजे पैसे घेतलेस." यशोधन सरळ होऊन बसला. "मग विमा कंपनीला फोन लाव. पैसे देऊन बसणाऱ्या बायका नेतोय म्हणून सांग. हो म्हणाले तर येतो."

"वेडा आहेस? अरे, काही होत नाही. झालंच तर मी बघेन."

"तू काय बघशील? चालवणारा मी. कायदा आधी मला धरणार. आणि त्या पोटुशा बायकांना कोण काय देणार, तुझा विमा?"

विनीतनं फोन खिशात टाकला. "ठीक आहे. पायलट काय, छप्पन मिळतील." जाताना त्यानं काकूंकडे पाहिलंही नाही.

यशोधन दार लावून आला. मग म्हणाला, "आई, तो खरंच दुसरा शोधेल गं. शेवंतीकडे त्या माहीमच्या बाईंचा नंबर असेल?"

"चपला घाल," ताई म्हणाल्या.

शेवंतीनं नंबर लावून फोन त्याच्या हातात दिला. रविवारी त्या विमानानं जाऊ नका, असं त्यानं म्हणताच पलीकडून खणखणीत आवाज आला, "कोण तुम्ही? दुसऱ्या कंपनीचे? आमचं बुकिंग मोडायला बघताय होय?"

"नाही, काकू. तुमच्या सुनेला विमानातून मीच नेणार होतो."

"होतो म्हणजे?"

यशोधननं मग काही न लपवता सगळं सांगितलं.

"फुलवालीला द्या जरा," पलीकडून आवाज आला. "शेवंती, वाडी मोगऱ्याचीच ठेव गं. आणि ती आमच्या घरी आणून दे. झोपाळा आहे आमच्याकडे. बाकीच्या दोघींचे नंबर तुझ्याकडे असतील ना? मीच बोलते त्यांच्याशी."