बाईंची हजेरी

“परत वाच. मोठ्यानं.”

पेनचं टोपण टेबलावर दोनदा आपटून बाई हे म्हणायच्या आणि डोळे मिटून घ्यायच्या. समोर एखाद्या मुलाचा शिष्यवृत्तीचा अर्ज असायचा. तो वाचायचं काम माझं. आडनाव, नाव, वडिलांचं नाव एवढं झालं की बाई डोळे न उघडता पुटपुटायच्या, “हजर.” सगळा जन्म शाळेत हजेरी घेण्यात गेलेला, जे पोर खोलीत नाही त्याच्या वतीनं त्याच ओ द्यायच्या.

मी तेव्हा लालबाग सोडून नुकताच मीरा रोडला राहायला आलो होतो. चार ओळखी व्हाव्यात म्हणून एका सेवाभावी क्लबचा सभासद झालो. रविवारी सकाळी नवघरच्या एका शाळेत, पोरांच्या बुटक्या बाकांवर गुडघे आवळून आमची बैठक भरायची. परदेशातले क्लब इथल्या कुणाच्या शिक्षणाला, कुणाच्या ऑपरेशनला मदत द्यायचे. गरजू शोधायचे, घरी जाऊन खात्री करायची, अर्ज भरून पाठवायचे, हे आमचं काम. ते सगळं बाईंकडे होतं. आणि खरं सांगतो, अर्जाला इतकं घाबरणारं माणूस तुम्ही पाहिलं नसेल.

चिकटवलेलं पाकीट त्या परत उघडून बघायच्या. कुरियरवाल्याच्या दारातून त्या दोनदा मागे फिरायच्या. आमच्यातले हार्डवेअरवाले शेठ चिडवायचे, “अरे मॅडम, फॉर्म आहे, बॉम्ब थोडाच आहे!”

“बॉम्ब फुटला तर आवाज तरी होतो, शेठ.”

सगळे हसायचे. मीही हसायचो. त्या बोलण्याचा अर्थ मला एकदा गोडदेवला जाताना रिक्षात कळला. फार वर्षांपूर्वी बाईंनी आपल्या वर्गातल्या एका मुलीचा असाच अर्ज भरला होता. जन्मसालात एक आकडा चुकला.

“कुणी ओरडलं नाही रे,” बाई म्हणाल्या. “अर्जसुद्धा परत आला नाही. नुसतं उत्तर आलं नाही. त्या उन्हाळ्यात तिचं लग्न लावून दिलं. हजेरीपटातलं तिचं नाव मीच खोडलं.”

त्या दिवशी आम्ही निघालो होतो वैशालीच्या घरी. वडील स्टीलच्या कारखान्यात पॉलिशवर, मूळचे गुहागरकडचे. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, फी झेपणारी नव्हती. माणूस वाईट नव्हता, पण त्यानं सरळ सांगितलं, “बाई, तुमचं ते पत्र आलं तर शिकू दे तिला. न्हायतर स्थळ आलेलं हाय. वैशाखात उरकून टाकतो.”

वैशाली पाण्याचे ग्लास घेऊन उभी होती. खाली बघतच म्हणाली, “बाई, मला शिकायचंय.”

बाईंनी ग्लास घेतला. पाणी प्यायल्या नाहीत, तसाच हातात धरून बसल्या.

अर्ज इंग्रजीत होता. नया नगरच्या एका सायबर कॅफेत बसून मी तो भरला. पहिल्या चौकटीत शिगवण, दुसरीत वैशाली, तिसरीत शांताराम. प्रिंट काढून बाईंना वाचून दाखवला, तीन वेळा. “शिगवण वैशाली शांताराम.” तिन्ही वेळा बाई म्हणाल्या, “हजर.” पाकीट गेलं.

पंधरा दिवसांनी ईमेल आला. अर्ज शांताराम आडनावाच्या व्यक्तीचा आहे, सोबतचं कॉलेजचं पत्र शिगवण आडनावाच्या मुलीचं. ही माणसं दोन दिसतात. आठ दिवसांत खुलासा आला नाही तर ही मदत दुसऱ्या अर्जदाराला जाईल.

आलं ना लक्षात? ‘फर्स्ट नेम’ म्हटल्यावर मी पहिलं येतं ते लिहिलं होतं; आडनाव त्यांना शेवटच्या चौकटीत हवं होतं. बिगरीपासून आपण आडनावच आधी लिहीत आलो. आणि बाईंच्या कानाला त्यात काही खटकणार नव्हतंच. हजेरी तशीच घेतात!

बाईंना सांगायला गेलो तेव्हा दारातच थांबलो. वाटलं, फाडून खातील. त्या भिंतीला धरून हळूच खाली बसल्या. “परत तेच,” एवढंच म्हणाल्या. चेहरा पांढराफटक. त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं, असं मला वाटलं.

मग उठल्या आणि स्वतःच्या हातानं इंग्रजीत खुलासा लिहिला. आमच्या शाळेत आधी घराण्याला हाक मारतात, मग मुलीला, शेवटी बापाला. तिघांत मधे उभी आहे तीच आमची मुलगी. चूक आमची आहे, तिची नाही.

त्याला कॉलेजचा दाखला जोडायला हवा होता. तिथला क्लार्क म्हणाला, सोमवारी या. बाई त्याच्या टेबलासमोर स्टूल ओढून बसल्या. त्यानं डबा खाल्ला, चहा घेतला, बाई बसलेल्याच. चार वाजता दाखला मिळाला. त्याच दिवशी सगळं स्कॅन करून पाठवलं.

मग रोज दुपारी माझ्या ऑफिसात फोन. “आलं?”

“नाही, बाई.”

फोन खाली. त्या फोनच्या घंटीची मला धास्ती बसली. आठवडा उलटला, आणि वैशालीचे वडील माझ्या घरी येऊन सांगून गेले, रविवारी पाहुणे बघायला येतायत. मी त्यांना थांबा म्हणू शकलो नाही. कशाच्या जोरावर म्हणणार?

शनिवारी उत्तर आलं. मिस वैशाली शिगवण, मदत मंजूर. मी प्रिंट घेऊन पळतच बाईंकडे गेलो. त्यांनी डोळे मिटले.

“परत वाच. मोठ्यानं.”

वाचलं. टोपण हातातून निसटून खाली पडलं, ते त्यांनी उचललं नाही. “तू जा, सांग तिला,” म्हणाल्या. “मी नाही येत. ती वर्गात जाऊन बसेपर्यंत मला खरं वाटायचं नाही.”

चार-पाच वर्षांनी बाई गेल्या. जवळचं असं कुणी नव्हतं. मृत्यूच्या नोंदीला मी पालिकेत गेलो, सोबत हॉस्पिटलातली ड्यूटी बदलून वैशाली आली. शेवटचे दहा दिवस बाईंचं सगळं तिनंच केलं होतं.

खिडकीतून कागद बाहेर आला. “तपासून सही करा. नंतर बदल होणार नाही.”

कागदावर टेकवलेलं पेन मी दोनदा मागे घेतलं. बाईंची भीती मला कधी लागली, कळलंच नव्हतं.

“दादा, परत वाचा,” वैशाली म्हणाली. “मोठ्यानं.”

रांगेतली माणसं बघायला लागली. मी वाचलं. आडनाव, नाव, नवऱ्याचं नाव. आणि सवयीनं थांबलो.

कुणी ओ दिली नाही.