निघालं किती, घातलं किती

जगात जे काही बिघडतं ते तेलामुळे बिघडतं आणि सुधारतं तेही तेलानेच, असं मनापासून मानणारी एकच व्यक्ती मी आजवर पाहिली आहे: माझ्या बायकोचे मामा. उदगीरला त्यांचं वडिलांपासूनचं तेलाचं दुकान आहे. पूर्वी मागच्या अंगाला घाणाही होता. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात धुवट सदरा, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत लिटरचं पितळी माप. हे माप घेतल्याशिवाय मामा गावाबाहेर पडत नाहीत. कुणाच्या घरी गेले की पाणी घेण्याआधी दाराची बिजागरी हलवून बघतात, आणि ती कुरकुरली तर घरातल्या बाईला हाक मारतात, "अक्का, ह्या दाराला लई दिवस उपाशी ठेवलंय की." लग्नाला गेले की नवरदेवाच्या आधी आचाऱ्याला भेटतात. कढईतलं तेल दोन बोटांत चोळायचं, नाकाशी न्यायचं, डोळे मिटायचे, आणि मग निकाल द्यायचा: "करडई हाय, पण सरकीचा हात लागलाय." आचारी शपथा घेतो, यजमान ओशाळतो, आणि मामा पुढच्या कढईकडे वळलेले असतात. माझ्या साखरपुड्यात त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला, मग तोच तळहात हुंगला आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "खोबरेल अस्सल हाय. पोरगं खोटं बोलणारं नाही." सुनंदाच्या घरच्यांनी माझी पगाराची पावती मागितली नव्हती ती त्यामुळेच, असं मला अजून वाटतं.

माझ्या गाडीचं प्रकरण झालं ते गेल्या फेब्रुवारीत. मुदखेडच्या पुढे असलेल्या एका गावातल्या शाळेत मी गणित शिकवतो. राहायला नांदेडला. माझ्या डाव्या पायात लहानपणापासून जोर नाही, त्यामुळे क्लच दाबता येत नाही. नोकरीची पहिली सहा वर्षं एका सहकाऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून काढली. त्यांची बदली झाली आणि माझा रस्ताच बंद झाला. तेव्हा क्लच नसलेली, आपोआप गिअर बदलणारी जुनी गाडी घेतली. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत शिकलेला मी पहिला आणि चारचाकी चालवणाराही मीच पहिला. आई त्या गाडीला माझा पाय म्हणते. ती असेल तर शाळा आहे. नसेल तर नांदेडच्या कार्यालयात टेबलाचं काम मागून घ्यावं, असं मुख्याध्यापकांनी मागेच प्रेमाने सुचवून ठेवलं होतं. दहावीची परीक्षा महिन्यावर आली होती. माझ्या वर्गात चौतीस मुलं होती, आणि त्यातल्या निम्म्यांना प्रमेय अजून भूत वाटत होतं.

परीक्षेच्या दिवसांत गाडीने दगा देऊ नये म्हणून मी शहाणपणा केला आणि तिच्या गिअरबॉक्सचं तेल बदलून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून गाडी आजारी. गिअरचा दांडा पुढे जायच्या 'डी'वर टाकला की पूर्वी ती लगेच हलायची. आता उभं केलेलं पोरगं उत्तर आठवतं तसा विचार करायची. मी मनात आकडे मोजायचो. पहिल्या दिवशी दोनपर्यंत, तिसऱ्या दिवशी चारपर्यंत. रेल्वेपुलाच्या चढावर इंजिन मोठ्याने ओरडायचं आणि गाडी मात्र जागच्या जागी. मागून ट्रकवाले भोंगा वाजवायचे. मी रेडिओ बंद केला, काचा वर केल्या आणि नुसतं ऐकत चालवू लागलो. ऐकायला लागलं की काहीतरी ऐकू येतंच. वर्गात फळ्यावर लिहितानासुद्धा मला गाडीचा किरर्र आवाज यायचा.

ज्याने तेल बदललं होतं तो बालाजी मेकॅनिक माणूस चांगला. त्याने गाडी एक चक्कर फिरवून आणली आणि मान हलवली. "सर, जुन्या तेलावर ती कशीबशी टिकून राहिली होती. नव्या तेलानं आतला मळ सुटला. गिअरच्या प्लेटी जळाल्या असणार. खोलावं लागतंय. सोमवारी खोलू." सामान हैदराबादहून येणार, जोडणारा माणूसही तिकडूनच, किती दिवस ते सांगता येत नाही. एक महिना धरा, नाहीतर दोन. मी "बरं" म्हणालो. घरी येऊन कार्यालयात बदलीचा अर्ज कसा लिहायचा याचा विचार करत बसलो.

सुनंदाने मला न विचारता मामांना फोन केला.

"अगं, ते करडईचे व्यापारी. गिअरबॉक्सचं त्यांना काय कळणार?"

"बिघडली कधी?"

"तेल बदलल्यावर."

"मग?" असं म्हणून ती भाजी निवडायला लागली.

रविवारी सकाळी मामा उदगीरच्या गाडीने आले. मी किल्ली हातात घेऊन उभा, आणि मामा लिंगपूजेला बसले. पूजेआधी ते पाण्याचा थेंब घेत नाहीत आणि पूजेला घाई हा शब्द त्यांना माहीत नाही. पाऊण तास मी अंगणात गाडीभोवती फेऱ्या मारल्या. मग सावकाश न्याहारी, मग आमच्या फाटकाच्या कडीला तेल, आणि मग एकदाचे ते गाडीजवळ आले. चालवा म्हणाले नाहीत. बॉनेट उघडा म्हणाले नाहीत. एवढंच विचारलं, "जावईबापू, निघालं किती आणि घातलं किती?"

चाळीस-चाळीस गणितं रोज तपासणाऱ्या माणसाला इतका साधा प्रश्न पडला नव्हता.

आम्ही धापा टाकणाऱ्या गाडीनेच बालाजीच्या गॅरेजवर गेलो. जुनं तेल अजून तिथेच होतं. अर्धापूरच्या एका केळीवाल्याने गंज चढू नये म्हणून फाटकाला फासायला ते मागून ठेवलं होतं आणि तो न्यायला आलाच नव्हता. मामांनी पिशवीतून माप काढलं.

"मामा, हे काय करून राहिलात?" बालाजी हसला. "काळं तेल हाय ते. माप खराब होईल."

"माप खराब होत नसतं, तम्मा," मामा धाकट्या भावाला सांगावं तसं म्हणाले. " माणूस होतो."

त्यांनी डबा मापात रिता करायला घेतला. प्रत्येक मापानंतर थांबायचे, फेस बसू द्यायचे, वरची रेघ बघायचे. शेवटी डबा उलटा धरून उभेच राहिले, शेवटचा थेंब पडेपर्यंत, जसं गिऱ्हाइकापुढे राहतात. साडेचार मापं भरली.

"आणि घातलं?"

"तीन डबे. लिटर-लिटरचे." बालाजीचा आवाज थोडा खाली आला. "पण तेल बघायची पट्टी भरलेली दाखवत होती. मी बघितलं की."

"गाडी चालू ठेवून बघितलं का बंद करून?"

"बंदच बघतात, मामा. इंजिनाचं तेल कसं बघतात?"

"इंजिनाचं मला काय कळत न्हाई," मामा म्हणाले. "घाण्याचं कळतं. घाणा बंद असला की तेल खाली येऊन बसतं, बघणाऱ्याला वाटतं लई हाय. घाणा फिरायला लागला की पेंड त्यातलं पिऊन घेती. तुमचं हे यंत्र फिरताना तेल पीत असल का न्हाई, ते कुठं लिहिलंय का?"

लिहिलेलं होतं. गाडीच्या पुढच्या कप्प्यात, इंग्रजी पुस्तिकेत, वर्षभर माझ्या गुडघ्यासमोर. मी ती उघडून, अडखळत, मामांना मराठीत सांगत वाचली: गाडी सपाट जागी उभी करा, तेल गरम होऊ द्या, इंजिन चालू ठेवा, दांडा सगळ्या गिअरांतून फिरवून 'पी'वर आणा, आणि मग चालू गाडीतच पट्टी बघा. सूचना वाचल्याशिवाय उत्तरपत्रिकेला हात लावू नका, असं मी मुलांना दर वर्षी बजावतो. बालाजीने पुस्तिका हातात घेऊन चित्र बघितलं. मग सांगितलं होतं तसं, चालू गाडीत, पट्टी ओढली. तेल खालच्या खुणेपर्यंतही नव्हतं, नुसतं टोक ओलसर.

"म्हणजे नुसतं कमी पडलंय?" मी विचारलं. माझा आवाज मलाच केविलवाणा वाटला.

"कमी तर हायच," बालाजी म्हणाला. "पण सर, चार दिवस तुम्ही तशीच पळवली. प्लेटी त्यात जळाल्या असल्या तर तेल घालून उपयोग न्हाई. मग खोलावंच लागतंय. जळाल्या असल्या तर तेलाला वास येतो."

मामांनी पट्टीवरचा ओलावा दोन बोटांवर घेतला, चोळला, नाकाशी नेला, डोळे मिटले. गॅरेजमधली दोघं-तिघं माणसं जवळ आली. मी मामांच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. मग त्यांनी डोळे उघडले आणि बोटं माझ्या नाकापुढे धरली. "तुम्ही बघा. कसा वास येतोय?"

"मी?"

"गाडी तुमची हाय. जे हाय ते सांगा. गोड सांगू नका."

मी हुंगलं. तव्यावर करपल्यासारखा वास असतो, एवढं ऐकून माहीत होतं. मला लोखंडाचा आला, थोडासा रॉकेलसारखा. करपल्याचा नव्हता. मी पुन्हा हुंगलं, कारण मला तो करपल्याचा नको होता आणि म्हणूनच माझा माझ्यावर भरवसा नव्हता. तिसऱ्यांदा हुंगून मी म्हणालो, "जळका नाही. लोखंडी आहे."

"खोलायची न्हाई," मामा बालाजीला म्हणाले, अगदी लग्नातल्या आवाजात. "त्याच जातीचं तेल आण. थोडं थोडं घाल, चालू गाडीत."

तेल घालताना बालाजी दर पाव लिटरला थांबून पट्टी बघत होता आणि मामा त्याच्या खांद्यावरून. मग मी बसलो. दांडा 'डी'वर टाकला आणि सवयीने मोजायला सुरुवात केली. एक म्हणेपर्यंत गाडी हलली. मी घाबरून ब्रेक दाबला.

"आता का थांबवली?" मामांनी विचारलं.

आम्ही मुदखेडपर्यंत गेलो. पुलाचा चढ गाडी निमूट चढली. परत येताना मी मामांचे आभार मानायला लागलो आणि ते बाहेर बघत म्हणाले, "आभार तुमच्या नाकाचे माना. माझं कोरोनात गेलं ते आलंच न्हाई."

मला आधी समजलं नाही. मग मी गाडी हळू केली. "म्हणजे मघाशी तुम्हाला काहीच..."

"काहीच न्हाई. विभूतीचा येत न्हाई, चहाचा येत न्हाई."

"आणि सगळा निर्णय माझ्या सांगण्यावर? मी चुकलो असतो तर?"

"तीनदा हुंगलं तुम्ही. पहिल्याच खेपेला सांगितलं असतं तर मी खोलायला लावली असती."

"पण गेल्या उन्हाळ्यात जळकोटच्या लग्नात तुम्ही सरकी ओळखलीत की."

"आचाऱ्याचं तोंड बघून ओळखली. मी डोळे मिटले की त्यो घाबरतो. पापण्यांच्या फटीतून दिसतं." मग म्हणाले, "सुनंदाला सांगू नका. उदगीरला कळलं तर दुकानात लोक यायचे न्हाईत. तेल घ्यायला येतील, पण आपलं तेल पारखून घ्यायला येणार न्हाईत."

माझी चौतीस मुलं परीक्षेला बसली. मी रोज वेळेवर पोहोचलो. टेबलाच्या कामाचा अर्ज मी लिहिलाच नाही.

आता महिन्यातून एखाद्या रविवारी मी गाडी काढून उदगीरला जातो. सुनंदाला वाटतं, मामांचा लळा लागला. तेही खोटं नाही. दुकानात मामांशेजारी बसतो. कुणी बाटली घेऊन येतं, मामा दोन थेंब बोटांवर घेतात, चोळतात, हुंगतात, डोळे मिटतात, आणि मग सहज म्हणतात, "मास्तर, तुम्ही पण बघा. शिकल्या-सवरल्या माणसाला कळलं पाहिजे." मी हुंगतो. शुद्ध असेल तर काही बोलत नाही. भेसळ वाटली तर खोकतो. घरी मी करडई, सरकी, सोयाबीन वाट्यांत काढून, डोळे बांधून सराव केला आहे, तरी दुकानात मी तीनदा हुंगतो. चुकलो तर माझं काही जाणार नाही. नाव त्यांचं जाईल.

मागच्या खेपेला देगलूरच्या एकाचं तेल हुंगून मी खोकलो होतो. मी निघताना मामा दुकानाची पायरी उतरून गाडीपाशी आले आणि काचेत वाकून हळूच म्हणाले, "त्या देगलूरवाल्याच्या तेलात खरंच सरकी होती?"

"होती, मामा. थोडी."

"वाटलंच मला," ते म्हणाले, आणि बोटं नाकाशी धरून तिथेच उभे राहिले.