हद्दीपलीकडची लाकडं

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते म्हणजे वाल सोलले. भिजवलेले, मोड आलेले. ओट्यावर बसलो होतो. मी एक सोलेपर्यंत ती चार सोलायची. आदल्या दिवशी पत्ता लिहून घ्यायला एक बाई आली होती, तिला मी तालुका कल्याण सांगितला. त्यावरून हिचं चाललं होतं.

"अहो, कल्याण सुटून जमाना झाला. अंबरनाथ सांगायचं."

"जन्मलो तो सांगितला."

"आणि मेल्यावर कुठला सांगाल?"

"तेव्हा तू सांग. तूच मागं राहशील."

"राहते की. दोन दिवस सुखानं झोपेन तरी."

दुपारी कपडे वाळत घालताना तिच्या छातीत कळ आली. उल्हासनगरला दवाखान्यात नेलं. अर्ध्या तासात संपलं.

मी चौथीपर्यंत शिकलो तेव्हा गाव कल्याण तालुक्यात होतं. मग उल्हासनगर तालुका झाला, आमचे कागद उल्हासनगरच्या कॅम्पात गेले. मधे बदलापुरासकट आम्हाला कल्याणच्या महापालिकेत घातलं, परत बाहेर काढलं. मग तालुक्याचं अंबरनाथ झालं. जिल्ह्याचा वरचा भाग तोडून पालघर केला. कुणी विचारलं? मी आपला त्याच ओट्यावर. शेवटी नगरपालिकेची हद्द आली ती गावातल्या रस्त्यापर्यंत. अलीकडं आम्ही शहरवाले, पलीकडं माझेच चुलतभाऊ ग्रामपंचायतवाले.

आमच्या गावात कोणी गेलं की सरणाला घरटी एक लाकूड निघतं. विकतचं नाही, घरचं. जुनं मसण पलीकडं, ओढ्याकाठी. लग्न होऊन आल्यापासून हिनं एकाही घराचं लाकूड चुकवलं नाही. जिच्याशी बोलणं बंद होतं, तिच्या सासऱ्यालाही दिलं. म्हणायची, मला फुलं नकोत, गावची लाकडं द्या. जन्मात मागितलं ते एवढंच.

तिला घरी आणली तेव्हा आमच्या आळीत सगळ्यांचे कागद करून देणारा एक जण आहे, तो पुढं झाला. "काका, आपण हद्दीत आहोत. हद्दीतल्या स्मशानात नेलं तरच मृत्यूचा दाखला मिळेल. पलीकडं नेलंत तर दोन्हीकडचे हात वर करतील."

या टेबलावरून त्या टेबलावर फिरण्यात माझा जन्म गेला. घाबरलो. हो म्हणालो. गाडी आली. तिथं लाकडं आधीच रचून ठेवलेली, कुणाच्या घरची कोण जाणे. दाखला जिथं माणूस मरतं तिथल्याच नोंदीवर मिळतो, कुठं जाळलं त्याच्याशी संबंध नाही, हे मला नंतर कळलं. शिकलेला असतो तर विचारलं असतं. पण बायकोचं ऐकायला शाळा लागत नाही.

संध्याकाळी धाकटा चुलतभाऊ दारात आला. आत आला नाही.

"दादा, आम्ही ओढ्यावर लाकडं घेऊन उभे होतो. वहिनी कुठं?"

मी सांगितलं.

"तुझी हद्द रस्त्यापर्यंत असेल. वहिनीची नव्हती."

एवढं बोलून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच ओढ्यावर गेलो. लाकडं तिथंच पडली होती. आंब्याची, ऐनाची, कुणी तर घराचा जुना वासाच आणलेला. मेलेल्यासाठी बाहेर काढलेलं लाकूड आमच्यात परत घरात घेत नाहीत. कंबर धरत धरत मी ती सगळी रचली. वर ठेवायला कोणी नव्हतं. काडी लावली आणि पार विझेपर्यंत बसून राहिलो.