दोऱ्याला टांगलेलं कुलूप

पन्नाशीनंतर मी कॉलेजचं पहिल्या वर्षाचं फिजिक्स ऑनलाइन शिकतेय. प्रयोगशाळा म्हणजे घरच. या आठवड्यात लंबकाचा प्रयोग होता, म्हणून स्वयंपाकघराच्या चौकटीला वरून दोरा बांधला, खाली जुनं कुलूप टांगलं. वीस झोके मोजले, आणि कुलूप थांबल्यावर फोटो काढून सरांना पाठवला.

सरांनी विचारलं, "मोबाइल तिरका धरला होतात का? दोरा चौकटीला समांतर दिसत नाही."

मोबाइल सरळच होता. वर दोरा चौकटीला चिकटलेला, खाली मात्र दोघांत बोटभर अंतर.

"सुताराने वाकडी बसवली असेल," पेपरातून डोकं न काढता नवरा म्हणाला. मग मी तोच दोरा बेडरूमच्या दाराला लावला, बाथरूमच्या दाराला लावला. सगळीकडे बोटभर अंतर, आणि तेही एकाच बाजूला. शेजारी नव्या टॉवरसाठी खड्डा खणताहेत, त्या बाजूला.

महिनाभर बेडरूमचं दार नीट लागत नाहीये. लाकूड फुगलं असेल, म्हणत होतो.

भिंतीवरचे फोटो मी रोज सरळ करते, ते भिंतीकडे बघूनच. घराबरोबर आपणही कलत असलो, तर कळायचं कसं? अख्ख्या घरात सरळ असं ते एक कुलूपच लटकत होतं.

काल सरांनी प्रयोग तपासून परत पाठवला. खाली शेरा होता, "निरीक्षण अचूक. पूर्ण गुण."

दोरा मी अजून सोडलेला नाही. आज सकाळी त्या फटीत माझी दोन बोटं बसली.