डावीकडे अजून एक चिंधी

भाद्रपदात घरी महालक्ष्म्या बसतात, त्यांना साडी नेसवणं हे आमच्या घरात गेली वीस-बावीस वर्षं माझं काम. पत्र्याची पोकळ धडं असतात. त्यांत गहू-तांदूळ भरायचे, वर मुखवटे बसवायचे आणि मग साडी. पण पत्र्याला बाईचा आकार कुठून येणार? म्हणून ब्लाउजच्या आत जुन्या सुती लुगड्याच्या चिंध्यांचे गोळे भरावे लागतात. ते जमले तरच पदर सुरेख बसतो. माझे जमतात. उगाच विनय कशाला!

या उन्हाळ्यात कॅन्सरमुळे माझा डावा स्तन काढला. डॉक्टरांनी त्यांचं काम चोख केलं. पंचाईत झाली ती माणसांची. भेटायला येणारी प्रत्येक बाई माझ्या कपाळाकडे बघून बोलायची. सासूबाई तर कामापुरतंच बोलायच्या, तेही भिंतीकडे बघून. त्यांना मी आता खंडित मूर्तीसारखी वाटते की काय, असं मनात यायचं आणि फार वाईट वाटायचं.

महालक्ष्म्या बसायच्या दिवशी धाकटी जाऊ हळूच म्हणाली, "ताई, यंदा साडी मी नेसवते. तुमच्या हाताले ताण नको. तुम्ही उद्याच्या भाज्या निवडा."

नैवेद्याला सोळा भाज्या लागतात. सोळा भाज्या निवडताना हाताला ताण पडत नाही वाटतं! मी गवारीच्या शेंगा पुढ्यात घेतल्या आणि सगळा राग त्यांच्यावर काढला. हेही काम गेलं तर या घरात माझी जागा कोणती, हेच डोक्यात घोळत होतं.

तासाभराने पुढच्या खोलीतून जावेची आणि सासूबाईंची कुजबुज ऐकू आली, म्हणून उठून गेले. थोरल्या महालक्ष्मीचा, ज्येष्ठेचा, पदर सारखा घसरत होता. डावी बाजू पार चपटी. मला दारात पाहताच जावेने हातातली चिंधी पाठीमागे लपवली. सासूबाईंनी मान खाली घातली.

माझं डोकंच फिरलं.

"लपवून काय राहिली वं? डावीकडे अजून एक चिंधी लागते. माझ्याही ब्लाउजात चिंध्याच हायेत. बसला का नाही माझा पदर?"

जाऊ आधी हसली, मग रडायला लागली. सासूबाई गुडघ्यावर हात टेकत उठल्या.

"मले वाटलं, तुह्याकडे पाह्यलं तर तुले वाईट वाटन," त्या म्हणाल्या. "म्हणून पाहतच नव्हती."

चार महिने आम्ही दोघी एकमेकींना असं जपत होतो!

त्यांनी जावेच्या हातातली चिंधी घेऊन मला दिली. मी गोळा भरला, निऱ्या पुन्हा घातल्या. खांद्याला पिन लावताना मात्र माझा डावा हात वर जाईना. सासूबाईंनी कोपराखाली तळवा धरला आणि पिन लागेपर्यंत काढला नाही. मग एक पाऊल मागे सरून त्यांनी ज्येष्ठेकडे पाहिलं, आणि तसंच निवांतपणे माझ्याकडे.

"तुहाही बरा बसला वं," म्हणाल्या.