पाण्याखाली पाय लागला तर

माझ्या मुलीच्या फोनमध्ये एका बुडालेल्या जहाजाच्या जिन्याचा फोटो होता. लोखंडी जिना, त्यावर शेवाळ, आणि वरच्या पायरीपाशी घुटमळणारे चार-दोन मासे. मी विचारलं, "हा वर कुठे जातो?"

"कुठेच नाही, आई. वर फक्त पाणी आहे."

हे उत्तर मला पटलं नाही. जिना आहे म्हणजे कुणीतरी तो कुठेतरी जाण्यासाठीच बांधला असणार. जहाज कसं बुडलं, आतली माणसं वाचली का, स्वयंपाकघर कुठे होतं, असं मी विचारत सुटले, तेव्हा तिनं फोन काढून घेतला. "यू शुड जस्ट गो अँड सी," ती म्हणाली आणि भांडी लावायला निघून गेली.

आता हे तिनं सहज म्हटलं होतं. पण माझा स्वभाव असा की कुणी "जाऊन बघ" म्हटलं की मी खरंच जाते. नसत्या चौकशा करायची खोड मला लहानपणापासून आहे. माझं माहेर नागपूरचं, तिथून कुठल्याही दिशेला निघालं तरी समुद्र लांबच. पोहायला मी शिकले ती इथे अमेरिकेत, पश्चिम किनाऱ्यावरच्या बॉथेलला, पन्नाशी जवळ आल्यावर, तीही गुडघ्यांसाठी. त्यामुळे मी डायव्हिंगच्या क्लासला नाव घातलंय हे ऐकल्यावर नवऱ्यानं आधी माझ्या गुडघ्यांकडे बघितलं. मग म्हणाला, "बरं. पण मी बोटीवर बसणार."

दुसरं एक कारण होतं, ते मी दोघांनाही सांगितलं नाही. मुलगी उन्हाळा संपला की नव्या नोकरीसाठी जर्सी सिटीला जाणार होती. म्हणजे इकडच्या समुद्राकडून पार तिकडच्या समुद्राकडे. कॉलेजात ती डायव्हिंग शिकली, तेव्हापासून दर सुट्टीत कुठल्या ना कुठल्या पाण्यात. आमचं फोनवरचं बोलणं "जेवलीस का" आणि "हो" यांच्यापुढे फारसं जात नसे. ती खाली जाऊन काय बघते ते मला बघायचं होतं, आणि तिच्याबरोबर बघायचं होतं. जाण्याआधी तिघांनी मिळून माल्टाला जायचं ठरलं, कारण फोटोतलं ते जहाज तिथलं होतं आणि फार खोलही नव्हतं.

डायव्हिंगला एकट्यानं जायचं नसतं. जोडीदार लागतो, त्याला बडी म्हणतात. एकमेकांच्या टाकीतली हवा बघायची, एकमेकांना नजरेआड होऊ द्यायचं नाही. तलावातल्या सरावाला मुलगी माझी बडी म्हणून आली आणि पहिल्याच दिवशी घोटाळा झाला.

पायात हातभर लांब फिन, म्हणजे बदकाच्या पंजासारखे रबरी पाय, घातलेले. वळायला गेलं की ते कुणाला ना कुणाला लागणारच. आणि पाय लागला की मी काय करणार? वाकले, त्या माणसाला हात लावला, तो हात कपाळाला नेला. पाय लागला तर नमस्कार करायचा, हे मला कुणी शिकवल्याचंसुद्धा आठवत नाही. हात आपोआप जातो. फिन रबराचा असला म्हणून काय झालं, आत पाय माझाच होता. पण पाण्यात वाकलं की माणूस वाकत नाही, गिरकी घेतो. कपाळाला न्यायचा हात मास्कवर आपटायचा आणि नाकात पाणी जायचं. एका तासात माझा क्लासमधल्या बहुतेक सगळ्यांना नमस्कार करून झाला होता.

दाढीवाले शिक्षक स्वभावानं फार शांत. त्यांनी मुलीला बाजूला घेऊन विचारलं, "तुझी आई सगळ्यांना का थोपटतेय?"

"इट्स अ रिस्पेक्ट थिंग," मुलगी पाण्याकडे बघत म्हणाली. "शी कान्ट हेल्प इट."

तिच्या आवाजातली लाज मला ऐकू आली. गंमत म्हणजे हीच मुलगी लहानपणी मुद्दाम माझ्या पायाखाली यायची. मी सोफ्यावर पेपर वाचत बसले की खालून सरपटत यायची, माझा पाय स्वतःला लावून घ्यायची आणि गप्प वाट बघत बसायची. मी तिच्या डोक्याला हात लावून तो कपाळाला नेला की खिदळायची. "पुन्हा कर," म्हणायची. ती शाळेत जायला लागली आणि ते कधीतरी बंद झालं.

इथल्या खाडीत, हिरव्या गार पाण्यात, जाड सूट घालून आणि दात वाजवत मी परीक्षा पास झाले. तिथे समोरचं फारसं दिसतच नव्हतं, त्यामुळे पाय कुणाला लागला ते कळायचंही नाही. माझी सवय गेली, असं मुलीला वाटलं. मलाही वाटलं.

माल्टाच्या समुद्रात मात्र इतकं स्वच्छ दिसत होतं की मी खाली उतरल्याबरोबर श्वास घ्यायचं विसरले. मी रंगीबेरंगी प्रवाळ असेल असं धरून चालले होते. तसं काही नव्हतं. खडकांच्या भिंती होत्या आणि त्यांच्या पायथ्याशी चक्क गवत, हिरवंगार, डोलणारं. समुद्रात कुरण असतं हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्या गवतात कोण राहतं, त्याला फुलं येतात का, असे प्रश्न मनात जमा होत होते आणि तोंडात नळी असल्यामुळे एकही विचारता येत नव्हता. आयुष्यात इतका वेळ गप्प मी कधी राहिले नसेन.

मग आमच्या वाटाड्यानं एका कपारीकडे बोट दाखवलं. आत ऑक्टोपस होता. सगळे भोवती अलगद थांबले. तो आधी दगडासारखा होता, मग हळूच तपकिरी झाला आणि एक डोळा उघडून आम्हाला न्याहाळू लागला. मी नीट बघायला थोडी पुढे सरकले आणि माझा फिन मागच्या एका गृहस्थांच्या डोक्याला लागला.

पुढचं सांगायला नको. मी वळले, वाकले, खाली गेले, गुडघे वाळूत रुतले. वाळू उडाली. ती खाली बसली तेव्हा ऑक्टोपस नव्हता.

बोटीवर आल्यावर मुलीनं आधी टाकी उतरवली. मग बोलली. "आई, उद्या रेक आहे, ते बुडालेलं जहाज. तिथे सगळा गाळ आहे. तू असं केलंस तर कुणालाच काही दिसणार नाही. इट्स नॉट क्यूट, इट्स डेंजरस."

"मी मुद्दाम करते का?"

"आय नो. पण उद्या एकदा जरी केलंस ना, तर मी तुझी बडी नाही. तू गाइडबरोबर जा, मी दुसऱ्या ग्रुपबरोबर जाईन. आय मीन इट."

मला राग आला. तिचं म्हणणं खरं होतं, म्हणून जास्त आला. इतक्या लांब मी काय त्या वाटाड्याबरोबर हिंडायला आले होते? वाईटही फार वाटलं. नवरा चीजची पेस्ट्री खात सगळं ऐकत होता. "हात बांधून जा," तो म्हणाला. वाटाड्यानंही तेच सांगितलं. चांगले डायव्हर हात पोटाशी धरूनच पोहतात, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी हाताची बोटं एकमेकांत अडकवूनच खाली गेले.

जहाज आधी नुसता काळोखा डाग होता. मग त्याला कडा आल्या, कठडा आला, धुराड्याचं भोक आलं. छोटंसंच होतं ते, बंदरात मोठी जहाजं ओढायचं. ते कुणी मुद्दाम बुडवलं होतं, माशांना घर व्हावं म्हणून, त्यामुळे माणसं वाचली का हा माझा प्रश्न निकालात निघाला. एका खिडकीतून आत डोकावले. आत ठिपक्या-ठिपक्यांच्या माशांची गर्दी होती आणि भिंतीवर एक खुंटी होती. त्या खुंटीवर कोण काय अडकवत असेल, याचा मी बराच वेळ विचार केला. एकदा माझा फिन कठड्याला घासला. हात सुटायला बघत होता, मी तो आवळून धरला. मनात म्हटलं, माफ कर बाबा.

आणि मग तो जिना दिसला. मी त्याच्या वर तरंगत गेले. तो जिथे संपत होता तिथे एक छोटा सपाट ओटा होता, दोन माणसं उभी राहतील एवढा, आणि बाकी सगळं निळं. इथे उभं राहून कुणीतरी समोरचा समुद्र बघत असणार, एवढाच त्या जिन्याचा उपयोग. म्हणजे मुलीचंही बरोबर होतं आणि माझंही. हे तिला कधी सांगते असं मला झालं, म्हणून मी झटकन वळले.

माझा फिन सणसणीत तिच्या खांद्यावर बसला.

तिनं वळून बघितलं. माझे हात पोटाशी घट्ट बांधलेले होते. बोटं दुखत होती, पण मी ती सोडली नाहीत. खाली गाळ जसाच्या तसा निवांत पडून होता. तिला दिसावं म्हणून मी हात आणखी आवळले.

ती बघतच राहिली. मला वाटलं, फार लागलं का हिला? मग ती जवळ आली, इतकी सावकाश की पाणीसुद्धा हललं नाही. तिनं माझी बोटं एकेक करून सोडवली. माझा उजवा हात धरला, स्वतःच्या खांद्याला लावला आणि उचलून माझ्या कपाळापर्यंत नेला, मास्कला धक्का न लावता.

मास्कमागे तिचे डोळे हसत होते. माझ्या मास्कमध्ये पाणी आलं, आणि ते समुद्राचं नव्हतं. ते बाहेर कसं काढायचं हे मला शिकवलेलं होतं, पण मी काढलं नाही.

वाटाड्यानं वर जायची खूण केली. ती माझा हात धरूनच निघाली. मी खाली एकदा बघितलं, मग डावा पाय हळूच पुढे नेऊन पुन्हा तिला लावला.